प्रयोगशाळा आणि पाळणा

मेरी क्युरीच्या वह्या दोन प्रकारच्या होत्या. पहिल्या प्रयोगशाळेतल्या. त्यांत तारखा, खनिजांची नावं आणि किरणांची मोजमापं. या वह्या सव्वाशे वर्षांनंतरही इतक्या किरणोत्सारी आहेत की, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्या शिशाचं अस्तर असलेल्या पेट्यांत ठेवाव्या लागतात. दुसरी वही घरातली. थोरल्या मुलीचं, आयरीनचं वजन किती भरलं, तिने काय खाल्लं, चालायला कधी लागली, याच्या नोंदी या वहीत. २६ डिसेंबर १८९८ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत रेडियम या नव्या मूलद्रव्याची घोषणा झाली. त्यानंतर दहाच दिवसांनी, ५ जानेवारी १८९९ रोजी, घरच्या वहीत नोंद आहे ती आयरीनला पंधरा दात आल्याची.

दोनदा नोबेल मिळवणारी शास्त्रज्ञ म्हणून मेरी क्युरी शाळेच्या पुस्तकापासून सगळ्यांना ठाऊक असते. या दोन वह्या तिने एकाच वेळी कशा चालवल्या, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं, आता मूल कधी? हा प्रश्न आज घरोघरी चर्चेला येतो. ‘आधी जरा स्थिरस्थावर होऊ, मग बघू’ असं बरीच जोडपी ठरवतात. मेरीच्या आयुष्यात स्थिरस्थावर म्हणावा असा काळ आलाच नाही.

आईने सोडलेली शाळा

मारिया स्क्लोडोव्स्काचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ चा, वॉर्सामधला. पाच भावंडांत ती धाकटी. वडील भौतिकशास्त्र आणि गणित शिकवायचे. आई मुलींच्या एका निवासी शाळेची मुख्याध्यापिका होती. मारियाच्या जन्मानंतर आईने ते पद सोडलं. पुढे तिला क्षयाने गाठलं आणि १८७८ मध्ये ती गेली. मारिया तेव्हा दहा वर्षांची होती.

त्या काळी पोलंडचा तो भाग रशियाच्या ताब्यात होता आणि वॉर्साच्या विद्यापीठाची दारं मुलींना बंद होती. मारिया आणि तिची मोठी बहीण ब्रॉन्या या दोघींनी मिळून एक करार केला. ब्रॉन्याने आधी पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं. मारियाने परक्या घरी राहून मुलं शिकवायची आणि बहिणीला पैसे पाठवायचे. ब्रॉन्या मार्गी लागली की तिने मारियाला बोलवायचं. पुढे मेरीच्या संसारात जे पुन्हा पुन्हा दिसतं, त्याची सुरुवात या करारात आहे. एकटीने होणार नाही ते दोघींनी वाटून घ्यायचं.

१८९१ मध्ये मारिया पॅरिसला पोचली आणि सोर्बोनमध्ये तिने मेरी असं नाव लावलं. ब्रॉन्याचं लग्न झालं होतं. वैद्यकीचं शिक्षण, संसार आणि १८९२ मध्ये जन्मलेली मुलगी, असं सगळं ती एकदम सांभाळत होती. मेरीने हे जवळून पाहिलं. स्वतः मात्र ती विद्यापीठाजवळच्या माळ्यावरच्या खोलीत राहायला गेली आणि अभ्यासात बुडाली. १८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या पदवीत ती पहिली आली, पुढच्या वर्षी गणितात दुसरी. वॉर्साला परत जायचं, शिकवायचं आणि वडिलांजवळ राहायचं, असा तिचा बेत होता. १८९४ च्या वसंतात पिअर क्युरी भेटला आणि बेत बदलला. २६ जुलै १८९५ रोजी त्यांनी साधेपणाने नोंदणी पद्धतीने लग्न केलं. नंतर दोघं सायकलींवरून फ्रान्समधल्या खेड्यापाड्यांत भटकायला निघाले. मेरी तेव्हा २७ वर्षांची होती.

पहिलं बाळ, पहिलं संशोधन

१८९६ मध्ये मेरीने मुलींच्या माध्यमिक शाळेत शिकवण्यासाठीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने दिली. त्याच सुमारास तिला एका उद्योगसंस्थेकडून पोलादाच्या चुंबकत्वावर संशोधनाचं काम मिळालं होतं. स्वतःच्या नावावर जमा होणारं तिचं हे पहिलं काम. ते चालू असतानाच, १८९७ च्या सुरुवातीला, तिला दिवस गेले.

गरोदरपण सोपं गेलं नाही. मळमळ आणि चक्कर यांमुळे उपकरणासमोर उभं राहणं जमेना. सासू त्याच वेळी कर्करोगाने अंथरुणाला खिळलेली. उन्हाळ्यात मेरी वडिलांबरोबर ब्रिटनीच्या किनाऱ्यावर विश्रांतीला गेली. पिअर तिथे आल्यावर आठव्या महिन्यात दोघं पुन्हा सायकलींवर निघाले! अर्थातच ती सफर अर्ध्यावर सोडून पॅरिसला परतावं लागलं. १२ सप्टेंबर १८९७ रोजी आयरीनचा जन्म झाला. बाळंतपण केलं ते सासऱ्यांनी, म्हणजे डॉ. युजीन क्युरी यांनी. त्यानंतर थोड्याच दिवसांत सासूबाई गेल्या.

घरात तान्हं बाळ, घरावर मृत्यूची छाया आणि टेबलावर पोलादाचे अपुरे निष्कर्ष. नव्या आईच्या सगळ्या काळज्या मेरीला लागल्या होत्या. ती बाळाला अंगावर पाजत होती. पण वजन वाढेना, उलट घटायला लागलं. शेवटी दूध पाजणारी दाई ठेवावी लागली. पुढे मुलीला सांभाळणारी बाई तिला बागेत फिरायला न्यायची. बाळ हरवलं तर नसेल, अशी शंका मनात येऊन मेरी कधी कधी काम टाकून धावत त्या बागेपर्यंत जायची. बाबागाडी दिसली की परत कामावर.

आज प्रसूतिपश्चात काळातल्या अशा अवास्तव भीतीबद्दल डॉक्टर मोकळेपणाने बोलतात. थोडी काळजी स्वाभाविक असते. ती झोप, जेवण आणि रोजची कामं बिघडवू लागली, की उपचारांची गरज असते आणि त्यांचा चांगला उपयोग होतो. मेरीला तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं. तिचा आधार दुसराच निघाला.

पत्नी गेल्यानंतर डॉ. युजीन क्युरी मुलाच्या घरी राहायला आले. वय सत्तरीचं. आयुष्यभर वैद्यकी केलेला, मोकळ्या विचारांचा हा माणूस नातीचा सवंगडी झाला. आई-वडील दिवसभर प्रयोगशाळेत असले, तरी आयरीन घरच्या माणसाजवळ आहे, हे मेरीला ठाऊक होतं. सुनेने घरी बसावं, असा विचार या सासऱ्यांनी केला नाही.

आयरीन तीन महिन्यांची असताना, १६ डिसेंबर १८९७ रोजी, मेरीने प्रयोगशाळेच्या नव्या वहीत पहिली नोंद केली. विषय होता युरेनियममधून निघणारे किरण. आँरी बेकरेलला ते १८९६ मध्ये आढळले होते आणि डॉक्टरेटसाठी तिने हाच विषय निवडला होता. त्या काळी युरोपातल्या फार थोड्या स्त्रियांनी विज्ञानात डॉक्टरेट मिळवली होती. तान्ह्या मुलीच्या आईने ती हाती घेणं तर आणखी दुर्मीळ. पिअरने स्फटिकांवरचं स्वतःचं काम बाजूला ठेवलं आणि तो तिच्या कामात सामील झाला. जुलै १८९८ मध्ये पोलोनियम सापडलं, डिसेंबरात रेडियम. वर्षभरात दोन मूलद्रव्यं, आणि आयरीनचे पंधरा दात!

शेडमधली चार वर्षं

रेडियम आहे, एवढं सांगून रसायनशास्त्रज्ञांचं समाधान होणार नव्हतं. ते वेगळं काढून दाखवायला हवं होतं. बोहेमियातल्या खाणीतून युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला पिचब्लेंडचा गाळ आला, तोही टनांच्या हिशेबात. पिअर शिकवत होता त्या संस्थेच्या आवारातली एक गळकी शेड त्यांना मिळाली. तिथे मेरी एका वेळी वीस-वीस किलो माल उकळायची आणि स्वतःच्या उंचीएवढ्या लोखंडी दांड्याने ढवळायची. धूर बाहेर नेणारी सोय नव्हती, म्हणून पुष्कळसं काम अंगणात चाले.

पिअरच्या पगारात दाई, मोलकरीण आणि घरखर्च भागेना. १९०० पासून मेरीने सेव्हर इथल्या मुलींच्या अध्यापक महाविद्यालयात शिकवायला सुरुवात केली. त्या कामाच्या तयारीत आणि येण्या-जाण्यात बराच वेळ जायचा. १९०२ मध्ये अखेर तिच्या हाती शुद्ध रेडियम क्लोराइड आलं. सगळं मिळून एक दशांश ग्रॅम.

दोघांची प्रकृती खालावत चालली होती. जॉर्ज सान्याक या भौतिकशास्त्रज्ञ मित्राने १९०३ मध्ये पिअरला लांबलचक पत्र लिहून बजावलं, की तुम्ही दोघं धड जेवत नाही, मेरी फारच खंगली आहे आणि जेवणाच्या ताटावरही तुमचं भौतिकशास्त्र सुटत नाही. २५ जून १९०३ रोजी मेरीने सोर्बोनमध्ये आपला प्रबंध मांडला. त्या रात्री मित्रांच्या मेजवानीत पिअरने अंधारात चमकणारी रेडियमची नळी सगळ्यांना दाखवली. पाहुण्यांत अर्नेस्ट रदरफोर्ड होता. त्या उजेडात त्याला पिअरची सुजलेली, सोललेली बोटं दिसली.

त्या दिवशी मेरी पुन्हा गरोदर होती. ऑगस्टमध्ये, पाचव्या महिन्यात, तिचा गर्भपात झाला.

तिने ब्रॉन्याला कळवलं, की आपल्या शरीरावर आपण फाजील विश्वास टाकला आणि अतिश्रमांनी हे झालं. बाळ हवं होतं, म्हणून तिला अपराधी वाटत होतं. त्याच सुमारास ब्रॉन्याचा लहानगा मुलगा क्षयाच्या मेंदूज्वराने गेला. दोन बहिणींवर एकाच वेळी हे आघात कोसळले.

इथे थोडं थांबून वैद्यकशास्त्र काय सांगतं, ते पाहायला हवं. कारण मेरीसारखा दोष आजही कित्येक जणी स्वतःला लावून घेतात. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी बहुतांश गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. जिना चढल्याने, ऑफिसला गेल्याने किंवा नेहमीची कामं केल्याने ते होत नाहीत. चौथ्या-पाचव्या महिन्यातल्या गर्भपातामागे गर्भाशयाचं तोंड अकाली उघडणं, जंतुसंसर्ग, वारेचे किंवा गर्भाशयाच्या रचनेचे दोष अशी कारणं असू शकतात. यांतल्या काहींवर पुढच्या वेळी आधीपासून उपाय करता येतात. म्हणून अशा घटनेनंतर स्वतःला बोल लावण्यापेक्षा तपासणी करून घेणं जास्त उपयोगाचं.

मेरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. शेडमध्ये ती रोज किरणोत्सारी धूळ आणि वायू श्वासावाटे घेत होती. किरणोत्साराची मोठी मात्रा गर्भाला घातक ठरते, हे आज सिद्ध झालेलं आहे. शरीरात गेलेली मात्रा मोजण्याचं साधनच तेव्हा नव्हतं, धोक्याची जाणीवही नव्हती. आज क्ष-किरण विभागात किंवा अणुकेंद्रात काम करणाऱ्या स्त्रीने गरोदर असल्याचं कळवलं, की उरलेल्या काळात गर्भापर्यंत एक मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा पोचू नये, अशा बेताने तिचं काम बदलून द्यावं लागतं. नोकरी सोडावी लागत नाही. मेरीच्या पिढीने अंगावर झेललेल्या धोक्यांतून हे नियम आले.

ईव्ह

डिसेंबर १९०३ मध्ये बेकरेलबरोबर क्युरी दांपत्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. दोघंही स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. शिकवण्याची कामं होती आणि मेरी अजून सावरली नव्हती. पुढच्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. या वेळी तिने स्वतःला जपलं. सेव्हरच्या कामातून रजा घेतली. बाळंतपणासाठी ब्रॉन्या पोलंडहून आली. ६ डिसेंबर १९०४ रोजी ईव्हचा जन्म झाला. मेरी ३७ वर्षांची होती.

त्याच हिवाळ्यात पिअरच्या सोर्बोनमधल्या प्रयोगशाळेत मेरीला प्रयोगप्रमुखाचं पगारी पद मिळालं. नोबेल आधी मिळालं, पतीबरोबरच्या संशोधनासाठीचा पहिला पगार नंतर! म्हणजे करिअर स्थिर होईपर्यंत थांबायचं तिने ठरवलं असतं, तर पहिल्या मुलीसाठीही सदतिशीपर्यंत थांबावं लागलं असतं.

वयाचा मुद्दा आजही टळत नाही. स्त्रीच्या बीजांची संख्या आणि प्रत वयाबरोबर कमी होते. पस्तिशीनंतर ही घट वेगाने होते, गर्भधारणेला वेळ लागू शकतो आणि गर्भपाताची शक्यता वाढते. पुरुषाच्या वयाचाही परिणाम होतो, फक्त तो हळू होतो. बीजं गोठवून ठेवण्याची किंवा टेस्ट ट्यूब बेबीची सोय आहे, पण ती मुलाची हमी देत नाही. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर तज्ज्ञांना भेटावं, असा सल्ला दिला जातो. पस्तिशीच्या आत ही मुदत वर्षभराची मानतात.

एकटी पडल्यावर

१९ एप्रिल १९०६ रोजी पावसात रस्ता ओलांडताना पिअर घोडागाडीखाली सापडला आणि जागीच गेला. आयरीन आठ वर्षांची होती, ईव्ह सोळा महिन्यांची. सरकार पेन्शन द्यायला तयार होतं. मेरीने ती नाकारली; आपण ३८ वर्षांच्या आहोत, मुलींना पोसण्याइतकं काम करू शकतो, असं तिचं म्हणणं होतं. सोर्बोनने पिअरचे वर्ग तिच्याकडे सोपवले. ५ नोव्हेंबर १९०६ रोजी भरगच्च सभागृहात तिने पहिलं व्याख्यान दिलं. पिअरने जिथे विषय सोडला होता, तिथूनच तिने तो पुढे सुरू केला. सोर्बोनमध्ये शिकवणारी ती पहिली स्त्री.

मुलगा गेल्यावर डॉ. क्युरी दुसऱ्या मुलाकडे जाऊ शकले असते. ते सुनेजवळ राहिले. मेरी पॅरिसबाहेर सो या गावी राहायला गेली. तिथून रोज आगगाडीने कामावर जायची. घरी आजोबा आयरीनला झाडं-पानं ओळखायला शिकवायचे, कविता वाचून दाखवायचे, दुःखी घरात हसू आणायचे. मुलींना पोलिश भाषा यावी म्हणून मेरीने पोलंडहून दाया बोलावल्या. शाळेत मुलं तासन्‌तास कोंडली जातात, हे तिला पटत नव्हतं. मग तिने आणि सहकारी प्राध्यापकांनी मिळून सुमारे दोन वर्षं आपापल्या मुलांना स्वतःच शिकवलं. रसायनशास्त्र जाँ पेराँ, गणित पॉल लान्जव्हँ, भौतिकशास्त्र मेरी. दहाएक मुलांचा हा वर्ग म्हणजे आई-बापांची सहकारी शाळाच होती.

फेब्रुवारी १९१० मध्ये, वर्षभराच्या आजारपणानंतर, आजोबा गेले. १९११ मध्ये मेरीला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या वेळी ती स्वतः स्टॉकहोमला गेली. सोबत ब्रॉन्या होती आणि चौदा वर्षांची आयरीन.

या सगळ्याची किंमतही होती. आजोबांचा सहवास थोरलीला भरभरून मिळाला, धाकटीच्या वाट्याला फार थोडा आला. आईने पुष्कळ केलं, तरी बालपण सुखाचं गेलं नाही, असं ईव्हने पुढे आईच्या चरित्रात प्रांजळपणे नोंदवलं. मेरीच्या शरीरानेही हिशेब चुकता केला. ४ जुलै १९३४ रोजी रक्त तयार करणारी अस्थिमज्जा निकामी झाल्याने तिचा मृत्यू झाला. दुसऱ्या वर्षी आयरीनला पती फ्रेडरिकबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा आयरीन आठ आणि तीन वर्षांच्या दोन मुलांची आई होती.

मेरीच्या आईने मुलीसाठी शाळा सोडली, मेरीने मुलींसाठी प्रयोगशाळा सोडली नाही. दोघींमधला फरक केवळ जिद्दीचा नाही. मेरीच्या पाठीशी कामात खांदा देणारा नवरा होता, बाळंतपणाला धावून येणारी बहीण होती, पगारी मदत होती आणि नातींना आपलं दुसरं आयुष्य देणारे सासरे होते. हे प्रत्येकीला लाभत नाही, म्हणून कायदे लागतात. मेरीच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी फ्रान्समध्ये प्रसूतीनंतर नोकरी टिकण्याची हमीसुद्धा नव्हती. ती १९०९ मध्ये आली, तीही बिनपगारी आठ आठवड्यांची. भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्यक्षात ती मिळते का, हे नोकरी निवडताना विचारायला हरकत नाही.

मूल कधी, हा निर्णय शेवटी त्या दोघांचाच. डॉक्टरांकडे जाऊन वय, प्रकृती, थायरॉइड, मधुमेह, कामाच्या जागचे धोके यांची चौकशी आधी करून घ्यावी. त्यासोबत घरात बसून आणखी एक प्रश्न मिटवावा. बाळ आजारी पडलं आणि दोघांनाही कामावर जायचं असलं, तर त्या दिवशी घरी कोण थांबणार? मेरी क्युरीच्या घरी या प्रश्नाला बारा वर्षं ठरलेलं उत्तर होतं. ते उत्तर होतं, आजोबा.